जालना रोडची उगवती बाजू

आपल्या संघटनेचे पूर्ण नाव चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर. बोलताना सगळे ‘सीएमआयए’ म्हणतात आणि त्यातले शेवटचे अक्षर शेतीचे आहे, हे जुन्या सभासदांच्याही लक्षात राहत नाही. लघुउद्योजकांची ‘मसिआ’ ही आपल्या जोडीची संघटना. तिच्याही नावात शेती आहे. मला हे नाव फार योग्य वाटते. ज्या विभागात कारखान्याच्या कुंपणाला लागून कपाशी उभी असते आणि पहिल्या पाळीचा कामगार पहाटे म्हशीची धार काढून कामावर येतो, तिथे उद्योगाचा प्रश्न आणि गावाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

स्थापनेची, पदाधिकाऱ्यांची आणि रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतीतल्या बजाज भवनाची हकीगत या स्मरणिकेत इतरांनी लिहिली आहे. माझ्या वाट्याला छत्रपती संभाजीनगर शहराची पूर्व बाजू आली. चिकलठाणा मागे टाकून केंब्रिज चौक ओलांडला की जालना रोडवर शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव आणि मग करमाड लागते. संघटनेने गेल्या पंचवीस वर्षांत सर्वांत जास्त निवेदने कोणत्या भूभागासाठी दिली असतील, तर ती याच पट्ट्यासाठी, असे मला वाटते. म्हणून हा इतिहास करमाडच्या बाजूने सांगतो.

करमाडला रेल्वे आली ती निजामाच्या काळात. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मार्ग १९०० साली सुरू झाला. मार्ग मीटरगेजचा होता. मनमाडला मुंबईकडची ब्रॉडगेज भेटायची. तिथे प्रवासी फलाट बदलायचे आणि माल एका डब्यातून उतरून दुसऱ्या डब्यात चढायचा. ऐकायला एवढीशी गोष्ट, पण मराठवाड्यातल्या उद्योगाचे कंबरडे तिनेच मोडले होते. कच्चा माल येताना एकदा हमाली, तयार माल जाताना पुन्हा हमाली, शिवाय मोडतोड आणि खोळंबा. मुंबई-पुण्याच्या कारखानदाराशी भावात स्पर्धा करायची, तर ही रक्कम कुठून काढायची? ब्रॉडगेजसाठी मराठवाड्याने वर्षानुवर्षे लढा दिला. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने तो प्रश्न धसास लावला. आपल्या उद्योजकांनी विकासाचे राजकारण कसे करायचे असते याचा पहिला धडा त्या चळवळीत घेतला, असे मी मानतो. मागणी एकाच कारखान्याची असली तर ती अर्ज ठरते. साऱ्या विभागाची असली तर सरकारला उत्तर द्यावे लागते.

१९६० साली महाराष्ट्र झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली आणि १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढणाऱ्यांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. आपल्याकडे आधी रेल्वे स्टेशनजवळची छोटी वसाहत, मग चिकलठाणा. १९६८ साली इथेच ‘निर्लेप’चा जन्म झाला आणि मराठवाड्यातला माणूसही देशभर विकली जाणारी वस्तू बनवू शकतो, हे दिसले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचे उद्घाटन झाले आणि पाण्याची हमी आली. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन केले, त्यानंतर शहराची सगळी धाव पश्चिमेकडे गेली. बजाजला सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योजक वाळूजमध्ये उभे राहिले. त्यांतले कितीतरी शेतकऱ्यांची मुले होती. आयटीआय करून, एका लेथवर सुरुवात करून ते मालक झाले.

पूर्वेला मात्र चिकलठाण्याच्या पुढे शेतीच होती. कपाशी, ज्वारी, मोसंबीच्या बागा, आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी भाजीपाला. करमाड हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव.

इथे संघटनेच्या कामाची रीत थोडी सांगायला हवी. नव्या पिढीला वाटते, मंत्र्यांबरोबर फोटो आला की काम झाले. पाठपुरावा हा आपल्या कार्यालयातला सर्वांत झिजलेला शब्द आहे, आणि सर्वांत खराही. निवेदन तयार करायचे, पोच घ्यायची, फाइल कोणत्या टेबलावर अडली ते शोधायचे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उद्योगमित्र समितीत तोच प्रश्न प्रत्येक बैठकीत मांडायचा. रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघायचे, सकाळी मुंबईत उतरून मंत्रालय गाठायचे, आणि पालकमंत्री बदलले की पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करायची. हे करणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतःचा कारखाना एक दिवस दुसऱ्यावर सोपवून जातात. मानधन नाही, प्रवासखर्चही पुष्कळदा खिशातला. अध्यक्षपदाची मुदत संपते, फाइल तिथेच असते. म्हणून आपल्याकडे माजी अध्यक्ष कधी निवृत्त होत नाहीत.

शेंद्र्याची पंचतारांकित वसाहत झाली आणि २००१ साली तिथे स्कोडाच्या गाड्या बनू लागल्या. युरोपातल्या मोटार कंपनीने भारतातला पहिला कारखाना जालना रोडवर काढावा, ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. पुढे पर्किन्सची इंजिने, लिबहेरचे रेफ्रिजरेटर याच परिसरात आले. करमाडच्या मुलांना सायकलवरून जाता येईल अशा अंतरावर प्रथमच मोठी नोकरी दिसू लागली.

ऑक्टोबर २०१० मधली एक घटना देशभर गाजली. शहरातल्या उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. काहींनी त्यावर टीका केली. माझे मत वेगळे आहे. या शहराकडे कोणी पाहत नाही, गुंतवणूकदाराच्या नकाशावर ते नाही, ही बोच त्या खरेदीमागे होती, आणि ती बोच खरी होती. लोकांनी पाहिले. पण पाहायला आलेल्या गुंतवणूकदाराला दाखवायला सलग जमीन, रस्ता आणि विमान लागते. ते काम गाड्यांनी होणार नव्हते.

सलग जमिनीचा प्रश्न दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरने सोडवला. भारत आणि जपान यांच्यात २००६ च्या डिसेंबरात त्याचा करार झाला. महाराष्ट्रातून इगतपुरी-नाशिक-सिन्नर आणि दिघी ही नावे आराखड्यात होती. शेंद्रा आणि पैठण रोडवरचे बिडकीन यांचे नावही त्यात असावे आणि कागदावर न राहता पुढे सरकावे, यासाठी आपल्या संघटनेने, मसिआने आणि शहरातल्या इतर संस्थांनी दिल्ली-मुंबईच्या खेपा घातल्या. राज्यात या कॉरिडॉरवरचे औद्योगिक शहर सर्वांत आधी उभे राहिले ते आपल्याकडे. त्याचे श्रेय संघटना घेतात, आणि काही अंशी ते रास्तही आहे. पण मुख्य कारण निराळे आहे. इथल्या शेतकऱ्यांनी जमीन दिली.

करमाड, लाडगाव आणि बिडकीन परिसरातल्या शेतकऱ्यांना एकरी २३ लाख रुपये हा दर मिळाला. तेव्हाच्या बाजाराशी ताडून पाहिले तर तो चांगला होता. तो सहजासहजी मिळालेला नाही. आंदोलने झाली, बैठका फिसकटल्या, मोजणीला विरोध झाला. मिळालेल्या पैशातून काहींनी दुसऱ्या तालुक्यात जमीन घेतली, काहींनी घर बांधले, मुलीचे लग्न केले, जालना रोडवर गाळा काढला. काहींच्या हातात काही वर्षांनी फक्त मोटारसायकल आणि आठवण उरली. जमीन विकणे आणि पैसा राखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे शिकवायला त्या वेळी कोणी गेले नाही. आपणही गेलो नाही. ‘ॲग्रिकल्चर’ हा शेवटचा शब्द नावात असलेल्या संस्थेने तेव्हा बँकेतल्या माणसाला, लेखापालाला, यशस्वी लघुउद्योजकाला गावात नेऊन बसवायला हवे होते. संघटनेच्या इतिहासातली ही उणीव नोंदवली नाही, तर हा इतिहास अपुरा राहील.

त्या जमिनीवर ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर उभे राहिले. दोन्ही भाग मिळून सुमारे १० हजार एकर. त्यातले साधारण २ हजार एकर शेंद्र्याकडे, उरलेले ८ हजार बिडकीनकडे. एमआयडीसी आणि केंद्राची कॉरिडॉर कंपनी यांच्या भागीदारीत त्यासाठी स्वतंत्र कंपनी झाली. रस्ते, सांडपाणी, जमिनीखालून वीजवाहिन्या हे सगळे आधी करून मग भूखंड द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे नवी होती. वाळूजमध्ये आधी कारखाना आला आणि मग त्याचा मालक वर्षानुवर्षे रस्त्यासाठी अर्ज करत बसला; ते ज्यांनी सोसले त्यांना या पद्धतीची किंमत कळते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. दक्षिण कोरियाच्या ह्योसंगने शेंद्र्यात धाग्याचा कारखाना उभारला. जानेवारी २०२३ मध्ये मसिआने आपले औद्योगिक प्रदर्शन याच परिसरात भरवले.

या सगळ्या काळात संघटनेने नुसती मागणी केली असे नाही. वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर, इलेक्ट्रॉनिक्ससाठी देवगिरी क्लस्टर आणि नव्या उद्योजकांसाठीचे ‘मॅजिक’ ही केंद्रे सभासदांनी पुढाकार घेऊन उभी केली. एकट्या लघुउद्योजकाला न परवडणारी चाचणीची यंत्रे, मोजमापाची साधने आणि सल्ला तिथे मिळतो. सरकारकडे जाताना ‘आम्ही आमचा वाटा उचलला आहे’ असे सांगता आले, तर समोरच्याचा सूर बदलतो.

वाईट वर्षेही सांगायला हवीत. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी तळाला गेले आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उद्योगांच्या, विशेषतः मद्यनिर्मितीच्या, पाण्यात मोठी कपात केली. उद्योगांना एकूण पाण्यातला छोटा हिस्सा लागतो, हे आकडे घेऊन संघटना बाजू मांडत होती. आकडे बरोबर होते. तरी करमाडच्या शिवारात मोसंबीची उभी झाडे वाळत असताना ते ऐकायला कोणाचे मन तयार नव्हते, आणि ते समजून घेण्यासारखे होते. सांडपाणी शुद्ध करून कारखान्याला वापरायचे, पिण्याचे पाणी माणसाला आणि जनावराला ठेवायचे, या धोरणाचा आग्रह आपण आता धरतो. तो आधीच धरायला हवा होता.

९ ऑगस्ट २०१८ रोजी मराठा आरक्षणासाठीच्या आंदोलनाच्या दिवशी वाळूजमध्ये अनेक कारखान्यांची तोडफोड झाली. उद्योजक राम भोगले यांच्यासह संघटनांच्या प्रतिनिधींनी तेव्हा स्पष्ट विचारले की असेच होणार असेल तर इथे पैसा कोण घालील. त्या दिवसांत सर्व उद्योजक संघटना एका आवाजात बोलल्या. राग खरा होता. पण त्या तरुणांच्या हातात दगड का आला, कुंपणाच्या आतली नोकरी त्यांना परकी का वाटली, याचा विचारही काही सभासदांनी त्याच आठवड्यात सुरू केला. स्थानिकांना कामाचे शिक्षण हा विषय त्यानंतर आपल्या बैठकांत वरचेवर येऊ लागला.

आणि ८ मे २०२०.

करमाड आणि बदनापूर स्थानकांच्या मध्ये, सटाणा शिवारात, पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडीखाली १६ मजूर गेले. टाळेबंदी होती. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे हे २० जण मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतल्या आपल्या गावी निघाले होते. पुढे श्रमिक गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत आले, थकले आणि रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले होते. रुळांमध्ये विखुरलेल्या भाकरींचा फोटो सगळ्या देशाने पाहिला.

उद्योजक संघटनेच्या स्मरणिकेत हा परिच्छेद कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते, तो इथेच हवा. करमाडचे नाव देशाने ऐकले ते ऑरिकमुळे नव्हे, त्या पहाटेमुळे. ती माणसे आपल्या उद्योगातली होती. कारखाना जालन्याचा, जागा करमाडची, आणि उत्तर आपण सगळ्यांनी द्यायचे. भूखंड मागताना, पाणी मागताना, वीजदरात सवलत मागताना कामगाराने रात्री पाठ कुठे टेकायची हा प्रश्न आपल्या निवेदनांत किती वेळा आला? त्याच वर्षी जुलैत केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. शेंद्रा-करमाड पट्ट्यात आजही परप्रांतीय कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहतात. कामगारांची वसतिगृहे ही यापुढे संघटनेची पहिल्या पाचांतली मागणी असली पाहिजे.

दळणवळणाचा जुना लढा अजून चालू आहे, आणि त्यात फळही आले आहे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि चिकलठाणा विमानतळ जवळजवळ ओस पडला. संघटनेने पर्यटन व्यावसायिकांना बरोबर घेऊन विमान कंपन्यांचे उंबरे झिजवले. प्रवासी कोण, कुठून, आठवड्याला किती, याची माहिती गोळा करून पुढे ठेवली आणि सेवा एकेक करून परत आल्या. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. शेंद्र्याजवळून त्यावर चढता येते. शेंद्रा ते वाळूज मेट्रो आणि उड्डाणपुलाचा आराखडा झाला आहे, आणि शेंद्रा-बिडकीन थेट रस्त्याची मागणी आहे. या दोन्हींची निवेदने पुढच्या अध्यक्षांनाही हातात धरावी लागणार आहेत.

२०२४ साल बिडकीनचे ठरले. टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. एथर आणि जेएसडब्ल्यू यांचेही प्रकल्प जाहीर झाले. ‘अँकर प्रोजेक्ट’ हा शब्द आम्ही इतकी वर्षे इतक्या बैठकांत उच्चारला होता, की तो खरोखर आला तेव्हा अनेकांचे डोळे भरून आले.

रेल्वेच्या बाबतीत एक तारीख नोंदवून ठेवतो. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. मनमाडच्या हमालीपासून सुरू झालेली गोष्ट इथवर आली आहे. ही दुसरी लाइन करमाडमधून जाणार आहे. जालना-मुंबई अशी ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत करमाडवरून धावते, थांबत नाही. तिने थांबावे अशी मागणीही कोणी करणार नाही. पण ऑरिकला लागून असलेल्या या स्थानकावर मालधक्का कसा हवा, कामाच्या पाळ्यांना जुळणारी लोकल हवी का, फाटकाऐवजी पूल कुठे हवा, हे आराखडा पक्का होण्याआधी सांगावे लागेल. एकदा रूळ पडले की पुढची तीस वर्षे निवेदने देत बसावे लागते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही.

म्हणून सभासदांना एक विनंती. या वेळी नांदेडला विभागीय रेल्वे कार्यालयात शिष्टमंडळ जाईल, तेव्हा गाडीत करमाड, लाडगाव आणि कुंभेफळच्या सरपंचांसाठी जागा ठेवा. निवेदनावर पहिल्या सह्या त्यांच्या घ्या.